चिंगीची अंडी आणि केतकीचे चौकोन

सिडनीतल्या आमच्या पेंडल हिलच्या घरात लॉन्ड्रीचं, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीचं, दार कायम बंद असायचं आणि त्या दारामागे रातकिडे ओरडत असायचे. नवीन पाहुणे विचारायचे, बॅकयार्डमधून आवाज येतोय का? आई चहा गाळता गाळता शांतपणे सांगायची, नाही, ते आमच्या पालींचं जेवण आहे. त्यावर काही जण हसायचे, काही जण पाय उचलून सोफ्यावर घ्यायचे. आईच्या माहेरी पाल दिसली की सगळं घर झाडू घेऊन तिच्यामागे लागायचं आणि इथे तिच्या नवऱ्याने पालींना हीटर लावून दिला होता, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. तिची अट एकच होती. पाली, त्यांचे किडे आणि बाबाने डब्यात पाळलेली झुरळं, यांनी लॉन्ड्रीची हद्द ओलांडायची नाही. बाबाने ती अट पाळली, फक्त गाजराच्या बाबतीत सोडून. रातकिड्यांना गाजर फार आवडतं. आई कोशिंबिरीसाठी गाजरं किसायला बसली की बाबा हळूच येऊन मूठभर कीस उचलून न्यायचा आणि आई मागे न वळता म्हणायची, "माणसांना पण ठेव थोडं."

हे सगळं सुरू झालं बाबाच्या ऑफिसातल्या ग्रॅहममुळे. बाबा पॅरामॅटाला एका बँकेच्या आयटीत होता आणि ग्रॅहम त्याच्या शेजारच्या डेस्कवर. रिटायर होऊन कॅरव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला निघालेल्या ग्रॅहमला आपल्या पालींसाठी घर हवं होतं. बाबा नाही म्हणू शकला नाही. त्याने रीतसर लायसन्स काढलं आणि मग इंटरनेटवर वाचायला लागला. अमेरिकेतले लोक लेपर्ड गेको नावाच्या पाली पाळतात आणि त्यांच्यातून पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या, बिनठिपक्यांच्या अशा कितीतरी रंगांची पिल्लं काढतात, हे त्याला तिथे कळलं. त्या पाली ऑस्ट्रेलियात पाळायला बंदी आहे. त्यांचे फोटो बाबा ज्या नजरेने बघायचा, ती नजर पुढे मला चांगलीच ओळखीची झाली, कारण ती माझ्याच चेहऱ्यावर आली. आमच्याकडे होत्या त्या इथल्याच वाळवंटातल्या पाली, मोठ्या डोळ्यांच्या, शेपटीच्या टोकाला मण्याएवढी गाठ असलेल्या. पण ग्रॅहमने दिलेल्यांमधला नर अल्बिनो होता, पिकलेल्या पीचच्या रंगाचा. त्याला आम्ही सोन्या म्हणायचो. मादी साधी, तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिचं नाव चिंगी, आणि ते मी ठेवलं होतं. हात जवळ नेला की चिंगी चारही पायांवर उंच व्हायची आणि कुत्र्याच्या पिल्लासारखी भुंकायची. मला ती त्यासाठीच आवडायची.

मी एकुलती एक. बाबा ऑफिसातून आला की मला विचारायचा, "हाऊ वॉज स्कूल?" मी म्हणायचे, "गुड." तो म्हणायचा, "गुड, गुड." एवढंच आमचं बोलणं. आई मराठीत बोलायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, ते तिला चालायचं. बाबा मात्र माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा, ऑफिसात बोलायचा तसं, नीट आणि थोडक्यात. पण संध्याकाळी लॉन्ड्रीत आम्ही दोघं असायचो. तो रातकिड्यांचा डबा धरायचा, मी चिमट्याने एकेक उचलून टाकायचे. तो वाळू ओली करायचा, मी काचा पुसायचे. कुणी काही बोलत नसे. वॉशिंग मशीन फिरत असायचं, साबणाच्या पावडरचा आणि ओल्या वाळूचा वास मिसळलेला असायचा, आणि मला वाटायचं की आम्हा दोघांचं असंच आहे, आम्ही न बोलणारी माणसं आहोत, आणि हे जे काही आहे ते फक्त आमचं आहे.

मी पंधरा वर्षांची असताना केतकी आली. केतकी माझी आतेबहीण, बाबाच्या धाकट्या बहिणीची मुलगी, पुण्याहून सिडनीला युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, बायोटेक शिकायला. पहिलं वर्ष ती आमच्याकडे राहणार होती, माझ्या खोलीत. मी माझं अर्धं कपाट रिकामं केलं, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. एअरपोर्टवर बाबाने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, डिट्टो आत्या दिसते ना ती या वयाची? मला काय माहीत, आत्या या वयाची कशी दिसत होती. गाडीत पुढच्या सीटवर नेहमी मी बसायचे, आई मागे. त्या दिवशी बाबाने सामान ठेवून पुढचं दार उघडलं आणि केतकीला बसवलं, तिला सिडनी दिसावं म्हणून. पेंडल हिलपर्यंत मी तिच्या वेणीकडे बघत आले. वेणी सुंदर होती. तेही मला आवडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात आमच्या घरात एक नवाच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो म्हणजे बाबाचं हसणं. मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते तोंड मिटून हसणं असायचं. केतकीपाशी तो खळाळून हसायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती "मामा, मामा" करत त्याच्यामागे लॉन्ड्रीत जायची. पालींची तिला जराही भीती नव्हती. तिथे मग गोष्टी चालायच्या. त्यातून मला कळलं की बाबाने आणि आत्याने लहानपणी पुण्यात लोणच्याच्या बरणीत गप्पी मासे पाळले होते, शेपट्यांचे रंग बघून जोड्या लावल्या होत्या, आणि एकदा आजोबांनी पाणी समजून ती बरणी तोंडाला लावली होती. केतकीला हे सगळं तिच्या आईकडून माहीत होतं. ती मधूनच पुढचं वाक्य म्हणायची आणि बाबा म्हणायचा, बरोबर, अगदी तसंच झालं. मी चिमटा हातात घेऊन उभी. मराठी मला कळायचं, पण त्या वेगाने नाही. विनोद कळेपर्यंत दोघांचं हसून झालेलं असायचं. हे कुणाला सांगून पटत नाही, पण आपल्याच वडिलांचा विनोद आपल्याला उशिरा कळणं यासारखी एकटं पाडणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

मत्सर हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. 'जेलस' येत होता, पण तो शाळेतल्या मुलींच्या शूजबद्दल वापरायचा शब्द होता. हे वेगळं होतं. केतकी पोहे करायची आणि बाबा दुसऱ्यांदा घ्यायचा, की मी माझी प्लेट बाजूला सरकवायचे. ती त्याच्या ताटातली पापडाची कड मोडून घ्यायची, आणि मला वाटायचं, मला हे इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही. मग मी मोडून घेतली, तर बाबाने उठून मला नवीन पापड आणून दिला. त्याने प्रेमानेच दिला होता. मी तो ताटात तसाच ठेवला.

त्यातच चिंगीने अंडी घातली. ग्रॅहमकडे सोन्याची आणि तिची जोडी कधी लावलेली नव्हती, त्यामुळे ही पहिलीच वेळ. एका वेळी दोन अंडी, पांढरी, मऊ सालीची. बाबाने जुन्या एस्कीत, म्हणजे पिकनिकला नेतात त्या बर्फाच्या पेटीत, तारेचा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवून उबवणीपेटी केली होती. त्या संध्याकाळी केतकीने फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डवरची आईची दूध-कोथिंबीर पुसली आणि एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. ती समजावून छान सांगायची, हे मी आजही कबूल करते. प्रत्येक पालीकडे रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, ती म्हणाली, आणि पिल्लाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळते. गडद चिठ्ठी एक जरी मिळाली तरी पिल्लू गडद होतं. फिकं व्हायला दोन्ही चिठ्ठ्या फिक्या लागतात. सोन्या फिका आहे म्हणजे त्याच्याकडे दोन्ही फिक्याच. प्रश्न चिंगीचा. तिच्याकडे दोन्ही गडद असतील तर सगळी पिल्लं तपकिरी होणार. पण तिच्या तपकिरी रंगाखाली एक फिकी चिठ्ठी लपलेली असेल, तर साधारण निम्मी पिल्लं सोन्यासारखी. चिंगीकडे नुसतं बघून ते सांगता येणार नाही. पिल्लं झाल्यावरच कळेल.

बाबा बोर्डसमोर हात बांधून उभा होता, आणि अमेरिकेतले फोटो बघताना असायचा तसा त्याचा चेहरा झाला होता, फक्त आता त्यात आशा होती. आई मागून म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण मला कोथिंबीर आणायची होती ते कुठे गेलं?

पहिली दोन्ही पिल्लं तपकिरी निघाली. नंतरची दोन तपकिरी. त्याच्यानंतरची दोनही. उन्हाळा संपत आला होता, लॉन्ड्रीच्या खिडकीची काच संध्याकाळीसुद्धा तापलेली असायची, आणि केतकीने बोर्डवरचे दोन चौकोन एका रेघेने खोडून टाकले. मी विचारलं, का? तिने मला मराठीत सांगितलं, मग माझा चेहरा बघून इंग्रजीत, आणि त्या दुसऱ्या खेपेचा मला जास्त राग आला. नाणं सहा वेळा उडवलं आणि सहाही वेळा छापाच पडला, तर आपण काय समजू? नाण्याला दोन्हीकडे छापाच आहे असं. चिंगीकडे फिकी चिठ्ठी असण्याची शक्यता आता जवळजवळ उरलेली नाही. बाबा मान हलवत होता. मग तो म्हणाला की पेन्रिथला ग्रॅहमच्या ओळखीतल्या एका बाईंना साधी मादी हवी आहे, त्यांना चिंगी देऊन टाकू आणि सोन्यासाठी जिच्यात फिकी चिठ्ठी नक्की आहे अशी मादी शोधू. केतकीने फक्त गणित सांगितलं होतं, चिंगीला देऊन टाका असं ती म्हणाली नव्हती. पण मला ऐकू आलं ते तेच.

मी म्हणाले, चिंगीने परत अंडी घातलीयेत, ती फुटेपर्यंत थांबा. आणि त्यातून फिकं पिल्लू निघणार. केतकीने हळूच विचारलं, कशावरून? माझ्याकडे कशावरूनच नव्हतं. मला फक्त ती चुकायला हवी होती. शाळेतून आल्यावर मी बॅग न उतरवता एस्कीपाशी जायचे आणि झाकणाच्या काचेतून त्या दोन अंड्यांकडे बघत राहायचे. देवाकडे मी काही मागितल्याचं आठवत नाही, पण त्या अंड्यांकडे नक्की मागितलं.

ती फुटली शनिवारी दुपारी. आई कामावर गेली होती, केतकी बॅकयार्डमध्ये कपडे वाळत घालत होती. बाबा आणि मी एस्कीपाशी होतो, आम्ही दोघंच, पूर्वीसारखे. पहिलं पिल्लू आधीच बाहेर येऊन बसलं होतं, तपकिरी. दुसऱ्या अंड्याला चीर पडली होती आणि त्यातून नाक बाहेर आलं होतं. ते थांबत होतं, मग ढकलत होतं. नाक गुलाबी होतं. मी म्हटलं, नुसतं ओलं असेल. मग डोकं आलं, आणि डोळे, फिकट, आतून तांबूस, आणि मग एकदम सगळं पिल्लूच बाहेर घसरलं. ते पीचच्या रंगाचं होतं, माझ्या करंगळीपेक्षा लहान, शेपटीच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढी गाठ. मी जिंकले होते. चिंगी जिंकली होती. मी बाबाकडे वळले.

बाबा दाराकडे वळला होता. "केतकी! अगं केतकी, ये लवकर! निघालं बघ!"

ती ओला टॉवेल हातात घेऊन धावत आली, आणि मी ज्याची वाट बघत होते ते काही झालं नाही. तिचं तोंड उतरलं नाही. ती मला मिठी मारून उड्या मारायला लागली. तू बरोबर होतीस, तू बरोबर होतीस, म्हणत राहिली. तिचा चांगुलपणासुद्धा मला खुपला. मग ती आणि बाबा बोर्डकडे पळाले, चौकोन परत काढायला, आणि मी एस्कीचं झाकण लावलं, कारण पेटीतली ऊब जात होती आणि त्या दोघांनाही त्याची आठवण राहिली नव्हती.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी एक गोष्ट. माझी मुलगी आता शाळेत जाते, आणि मी तिच्याशी मराठीत बोलते. लोक म्हणतात, किती छान, संस्कृती जपलीस. संस्कृती वगैरे काही नाही. त्या शनिवारनंतर मी आईपाशी जाऊन बसायला लागले. ती भाजी चिरायची आणि मी तिला म्हणायचे, मला फास्ट मराठी शिकव, जोक्सवाली. आईने कारण विचारलं नाही. बाथरूममध्ये शॉवर चालू करून मी वाक्यं म्हणून बघायचे. मला ती भाषा केतकीकडून काढून घ्यायची होती, बस.

थंडी सुरू झाली तेव्हा केतकीने सांगितलं की ती अ‍ॅडलेडला चालली आहे. तिला हवा होता तो विषय तिथल्या युनीत मिळत होता, मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर. मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांना पाणी दिलं. बाबाने दोन घास खाल्ले, मग एकदम म्हणाला, ते फिकं पिल्लू तू घेऊन जा. दुसऱ्या राज्यात न्यायला परवानगी लागते, पण मी चौकशी केली आहे, मिळेल. माझ्याकडून भेट तुला.

आई माझ्याकडे बघत होती. ताटात वरण-भात होता आणि आई भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा करायची तो. मी घास खाली ठेवला. शॉवरखाली म्हणून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"ते माझा आहे," मी मराठीत म्हणाले. "चिंगी माझी, ते पण माझा. तू मला विचारला पण नाही."

बाबाने मान वर केली. मी मराठीत बोलल्याचं आधी त्याच्या लक्षात आलं, मी काय बोलले ते नंतर. केतकी म्हणाली, "मामा, मी तुला सांगितलं होतं, मुक्ताला विचार म्हणून. मला ते नकोय." पण मला आता पिल्लाचं काही पडलेलं नव्हतं.

"तू तिच्याशी हसतो," मी म्हणाले. "मासे सांगतो. आजोबा सांगतो. माझ्याशी फक्त गुड, गुड बोलतो. का? मी काय केला?"

लॉन्ड्रीतून रातकिड्यांचा आवाज येत होता. बाबाने चमचा ताटाच्या कडेला ठेवला, मग उचलून दुसऱ्या कडेला ठेवला.

"मला इंग्रजीत हसवता येत नाही गं," तो म्हणाला. "तू लहान असताना करून बघितलं. मी काहीतरी सांगायचो, तू म्हणायचीस, व्हॉट? मग मी ते परत सांगायचो, आणि तोपर्यंत ते मलाच मूर्खासारखं वाटायचं. मग म्हटलं, आपलं इंग्रजी ऑफिसपुरतंच आहे, उगाच मुलीसमोर कशाला. तू मराठीत बोलायची नाहीस. मला वाटलं, तुला ते नकोच आहे."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. केतकी आपल्या ताटाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, कशामुळे ते मी तेव्हा विचारलं नाही. मग बाबाने माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगायला सुरुवात केली की आजोबा सकाळी चष्म्याशिवाय उठायचे, आणि ओट्यावर लोणच्याची बरणी होती. मी ती गोष्ट लॉन्ड्रीत चारदा तरी ऐकली होती. मी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली, आणि आजोबांच्या मिशीत मासा अडकला तिथे वेळेवर हसले. केतकीने ती ऐकताना मध्ये एकही वाक्य पूर्ण केलं नाही.

ती अ‍ॅडलेडला गेली. पिल्लू राहिलं, चिंगीही राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिची आणखी दोन पिल्लं फिकी झाली. पण लगेच सगळं बदललं असं नाही. बाबा कित्येकदा विसरून परत "हाऊ वॉज स्कूल" म्हणायचा, मीही "गुड" म्हणून मोकळी व्हायचे, मग एकमेकांकडे बघून आम्ही परत सुरू करायचो. मराठी बोलताना माझी लिंगं अजून चुकतात. मी ताणात असले की 'ते' आणि 'तो' यांची अदलाबदल होते आणि बाबा ती मुद्दाम दुरुस्त करत नाही.

आता बाबा माझ्याकडे राहतो. रविवारी सकाळी केतकीचा फोन येतो. तीही आता अ‍ॅडलेडचीच झाली आहे, नोकरी, घर, मुलं, आणि अजूनही ती त्याला "मामा" म्हणते तेव्हा तिचा सूर असा असतो की तो मला जमणार नाही. मी स्वयंपाकघरात असते. बाहेरून त्याचं हसणं ऐकू येतं, ते खळाळून, डोळ्यांत पाणी आणणारं. खोटं कशाला सांगू, मी भांडी जरा जोरात ठेवते. इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं हे जाईल. गेलं नाही. मग फोन संपतो आणि मी हात पुसत त्याच्यापाशी जाऊन बसते आणि विचारते, काय झालं एवढं हसायला? तो मला सांगतो, पहिल्यापासून. केतकीला सांगताना जे राहून गेलेलं असतं, तेही त्याला तेव्हा आठवतं.